किल्ल्या सांभाळणाऱ्याचं पेन्शन

परवा काकूला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन गेलो होतो. नोव्हेंबर महिना, त्यामुळे काउंटरसमोर पांढऱ्या केसांची लांबलचक रांग. काकूच्या पिशवीत नेहमीप्रमाणे प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ठेवलेली आप्पांची पी.पी.ओ. होती. आता सगळं संगणकावर असतं, ती कुणी मागत नाही. पण ती पिशवीत असल्याशिवाय काकू बँकेच्या दिशेने पाऊल टाकत नाही. रांगेत वेळ होता म्हणून मी ती उघडून वाचली. पदनाम, हवालदार, कारागृह विभाग. रुजू झाल्याचं वर्ष १९६०, सेवानिवृत्तीचं वर्ष १९९६. छत्तीस वर्षांची नोकरी दोन ओळींत संपली होती.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. जाऊन आता बारा-तेरा वर्षं झाली. लहानपणी सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जायचो तेव्हा जेल लाईनीतल्या त्या दोन खोल्या, समोरची उंच दगडी भिंत आणि दर तासाला पडणारे घंटेचे टोल याचं आम्हाला फार अप्रूप वाटायचं. आप्पा मात्र तुरुंगाबद्दल चकार शब्द बोलत नसत. त्यांची नोकरी आम्हाला कळायची ती त्यांच्या सवयींवरून. रात्री दाराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहिले की आधी पानं मोजायचे, आणि पंगत उठल्यावर पुन्हा मोजायचे.

ते भरती झाले तेव्हा सातवी, म्हणजे त्या वेळची व्हर्नाक्युलर फायनल, पास होते. उंची मोजली, छाती मोजली, पळायला लावलं आणि घेतलं. काही आठवडे परेड आणि बंदूक साफ करायला शिकवलं. बाकी सगळं एका जुन्या हवालदाराच्या मागे फिरून शिकले. आतल्या माणसांशी कसं वागायचं याचं शिक्षण त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात दिलं होतं म्हणे : ‘त्यांच्याकडून काही घेऊ नको आणि त्यांना काही देऊ नको.’

बँकेतून घरी आल्यावर डोक्यात एक प्रश्न बसला तो निघेना. तुरुंगाची किल्ली ज्याच्या हातात द्यायची त्याला काय यायला हवं, आणि म्हातारपणी त्याला काय मिळायला हवं, हे कधी कुणी ठरवलं? न्यायाधीशाला कायद्याची पदवी लागते, डॉक्टरला वैद्यकाची. आणि शिक्षा झालेला माणूस पुढची दहा-वीस वर्षं ज्याच्या ताब्यात काढणार, त्याला? कैद्यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेलाय, कारण आपले मोठे लोक कैदी होते. पहारेकऱ्यांचा इतिहास मात्र कुठे कुठे विखुरलेला सापडतो. गेले काही दिवस तो जमवत होतो, त्याचीच ही टिपणं.

सुरुवात थोडी लांबून, इंग्लंडमधून करावी लागेल, कारण आपल्या तुरुंगांची घडण तिथूनच आली. अठराव्या शतकात तिथल्या बहुतेक तुरुंगरक्षकांना पगारच नसे. कैद्यांकडून मिळणाऱ्या फीवर त्यांचं पोट चाले. आत येण्याची फी, बेड्या हलक्या करायची फी, गादीची फी, आणि सुटतानाही फी. १७७३ मध्ये जॉन हॉवर्ड नावाचा एक जमीनदार बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. हे पद मानाचं असे. तुरुंगाची पाहणी त्यात यायची, पण ती फारसं कुणी मनावर घेत नसे. हॉवर्डने घेतली. त्याला असं दिसलं की न्यायालयाने निर्दोष सोडलेली माणसंही आतच आहेत, का, तर जेलरची फी द्यायला त्यांच्याकडे पैसे नाहीत. त्याने काउंटीच्या न्यायाधीशांना सुचवलं, जेलरला पगार द्या, म्हणजे हे थांबेल. ते म्हणाले, असं कुठे होत असेल तर दाखवा. हा गृहस्थ घोड्यावर बसून शेजारच्या काउंट्या पालथ्या घालत निघाला. पगारी जेलरचा दाखला काही सापडला नाही, पण तोच अन्याय जागोजागी सापडला. १७७४ मध्ये पार्लमेंटने निर्दोष सुटलेल्यांकडून फी घ्यायला बंदी केली. हॉवर्डने १७७७ मध्ये तुरुंगांच्या स्थितीवरचं आपलं पुस्तक छापलं. तुरुंगातल्या फीचा धंदा कायद्याने पूर्ण बंद व्हायला मात्र १८१५ साल उजाडलं.

मला या गोष्टीत गंमत वाटते ती अशी. तुरुंगसुधारणा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चांगलं अन्न, स्वच्छ कोठड्या, वाचनालय असलं काहीतरी येतं. पण पहिली सुधारणा होती पहारेकऱ्याला पगार देण्याची. कैद्याच्या खिशावर जगणारा माणूस कैद्याला न्याय देऊ शकत नाही, इतकं साधं गणित होतं ते. पेन्शन ही त्याच गणिताची पुढची पायरी. ज्याला म्हातारपणाची काळजी नाही, त्याला नोकरीत असताना चार पैसे गाठीला मारायचा मोह कमी होतो.

आता हिंदुस्थानात येऊ. १८३५ मध्ये मेकॉलेने तुरुंगांच्या चौकशीसाठी समिती नेमायची सूचना केली. हाच तो शिक्षणाच्या टिपणाने प्रसिद्ध झालेला मेकॉले. पुढच्या वर्षी नेमलेल्या त्या समितीने १८३८ मध्ये अहवाल दिला. त्यात खालच्या कर्मचाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर आणि ढिल्या शिस्तीवर टीका होती. कैद्यांना सुधारण्याबिधारण्याच्या कल्पना समितीला मान्य नव्हत्या, शिक्षा कडक हवी एवढाच तिचा सूर. पण हे खालचे कर्मचारी तरी कोण होते? तुटपुंज्या पगारावर ठेवलेले, शिकवण नसलेले लोक. त्यांना कसं घडवायचं हा प्रश्न तेव्हा पुढे सरकला नाही.

१८६४ मध्ये दुसरी समिती बसली, तेव्हा चिंता वेगळी होती. तुरुंगांत माणसं पटापट मरत होती. म्हणून दर कैद्यामागे ५४ चौरस फूट जागा आणि ६४० घनफूट हवा असावी असं समितीने सांगितलं, आणि तुरुंगाचा अधीक्षक डॉक्टर असावा, जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनकडेच तुरुंग द्यावा अशी शिफारस केली. तुरुंग चालवणाऱ्याला एखादी विशिष्ट विद्या यायला हवी असा विचार आपल्याकडे झाला तो बहुधा इथे, आणि ती विद्या होती वैद्यक! स्वातंत्र्यलढ्यातल्या तुरुंगांच्या आठवणी वाचताना मला नेहमी कोडं पडायचं की येरवड्याचा सुपरिंटेंडेंट ‘मेजर’ किंवा ‘कर्नल’ कसा काय असतो. त्याचं उत्तर हेच. हे लोक इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, आणि त्या सेवेतल्या डॉक्टरांना लष्करी हुद्दे असत. त्यामुळे झालं असं की कैद्याचं वजन दर पंधरवड्याला नीट मोजलं जाई, पण तो इथे का आला आणि बाहेर जाऊन काय करणार हे विचारणारं कुणी नसे.

बरं, हा झाला वरचा साहेब. खाली रात्रंदिवस कैद्यांसमोर उभा राहणारा कोण? तर बऱ्याच ठिकाणी दुसरा कैदीच. पगारी वॉर्डर महाग पडतात, म्हणून जुन्या, ‘चांगल्या वागणुकीच्या’ कैद्यांनाच वॉर्डर करायची पद्धत इंग्रजांनी इथे चांगली रुजवली. आधी रात्रीचा पहारेकरी, मग ओव्हरसीअर, मग वॉर्डर अशा त्याला बढत्या असत. अंदमानात टिंडल, पेटी ऑफिसर, जमादार अशी उतरंड होती. सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या कुणालाही ही मंडळी विसरता येणार नाहीत. आपल्याला बारीसाहेब लक्षात राहतो, तो आयरिश जेलर. पण नीट पाहिलं तर त्या सेल्युलर जेलमध्ये रोजचा जाच बारीच्या हातून कमी आणि या कैदी-अंमलदारांच्या हातून जास्त व्हायचा.

या कैदी-वॉर्डरला मोबदला काय? थोडीशी मोकळीक, किरकोळ पैसे आणि शिक्षेत सूट. म्हणजे जितका सरकारला उपयोगी पडेल, तितका लवकर घरी जाईल. त्याचं पेन्शन म्हणजे त्याची सुटका. अशा माणसाकडून दुसऱ्या कैद्याबद्दल दयेची अपेक्षा कशी करायची?

१८९४ चा तुरुंग कायदा मी या निमित्ताने पहिल्यांदा वाचला. सव्वाशेहून जास्त वर्षं आपले तुरुंग ज्या पायावर चालले तो हा कायदा. त्यात अधिकाऱ्यांवर एक सबंध प्रकरण आहे. प्रत्येक तुरुंगाला एक अधीक्षक, एक वैद्यकीय अधिकारी (अधीक्षकच डॉक्टर असला तरी चालेल), एक जेलर. जेलरने तुरुंगातच राहायचं. परवानगीशिवाय रात्री बाहेर राहायचं नाही. कैद्यांशी देवघेव करायची नाही. तुरुंगाच्या ठेक्यात भागी ठेवायची नाही. खालच्या नोकराने दोन महिन्यांची लेखी नोटीस न देता नोकरी सोडली तर दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद! आणि तेविसावं कलम सांगतं की तुरुंगात अंमलदार म्हणून नेमलेले कैदी हे भारतीय दंडविधानाच्या अर्थाने लोकसेवक समजावेत. म्हणजे कैदी-वॉर्डर हा कागदोपत्री आमच्या आप्पांच्याच पंगतीला बसला.

या सगळ्यात पहारेकऱ्याने काय करू नये याची यादी भरपूर आहे. त्याने काय शिकलेलं असावं, त्याला काय शिकवावं, याची नाही. आप्पांच्या त्या जुन्या हवालदाराचं वाक्य आठवलं. घेऊ नको आणि देऊ नको. कायद्याचा सारांश त्याने बिनचूक सांगितला होता.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९-२० मध्ये, सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय तुरुंग समिती नेमली गेली. ही मंडळी खूप फिरली. इंग्लंड, अमेरिका, जपान, फिलिपिन्स इथले तुरुंग पाहून आली, अंदमानही पाहिलं. तिथे नवे कैदी पाठवणं थांबवा, असं तिने सांगितलं. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की, तुरुंगाचं काम कैद्याला सुधारण्याचंही आहे हे सरकारी अहवालात इथे पहिल्यांदा स्पष्टपणे आलं. आणि ते मान्य केल्यावर पुढचं ओघाने आलंच. ज्यांच्या हाती कैद्यांची काळजी सोपवायची त्यांना या कामाचं रीतसर शिक्षण हवं, वॉर्डरांना बरा पगार हवा, कैदी-वॉर्डरांवर विसंबणं कमी व्हायला हवं. अहवाल उत्तम होता. पण १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर तुरुंग प्रांतांकडे गेले, आणि प्रांतांकडे पैसे नव्हते. तुरुंग अधिकाऱ्यांसाठी लखनौला प्रशिक्षण शाळा निघाली ती १९४० मध्ये, म्हणजे अहवालानंतर वीस वर्षांनी. पुढे आपल्याकडे येरवड्यालाही तुरुंग अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण विद्यालय झालं, आज ते दौलतराव जाधव यांच्या नावाने आहे. वेल्लोरला दक्षिणेतल्या राज्यांनी मिळून संस्था काढली ती १९७९ मध्ये.

शिक्षण नव्हतं म्हणून चांगली माणसं नव्हती असं नाही. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंती नसलेली कैद्यांची वसाहत वसवली. त्या प्रयोगावरूनच पुढे १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ निघाला, कथा गदिमांची. शांतारामबापूंचा तो जेलर आमच्या आप्पांना फार आवडायचा. टीव्हीवर लागला की शेवटपर्यंत बघायचे आणि शेवटी उठताना म्हणायचे, ‘असा एखादाच असतो रे.’ मला तेव्हा ते कौतुक वाटायचं. आता वाटतं, ती तक्रार असावी. एखादाच असून चालत नाही. शाळा लागते ती यासाठी, की साधा, मध्यम वकुबाचा माणूससुद्धा ते काम बऱ्यापैकी करू शकावा.

जगानेही हे मान्य केलंय. १९५५ मध्ये जिनिव्हाला कैद्यांच्या वागणुकीबद्दल संयुक्त राष्ट्रांचे किमान नियम झाले, २०१५ मध्ये ते सुधारून त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं गेलं. सत्तावीस वर्षं पहारेकऱ्यांच्या ताब्यात काढलेल्या माणसाचं नाव! त्या नियमांत तुरुंग कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कलमं आहेत. ते पूर्णवेळ, व्यावसायिक, सरकारी सेवकाचा दर्जा असलेले असावेत. त्यांना नोकरीची शाश्वती असावी. पगार चांगली माणसं टिकतील इतका असावा, आणि या कामाचं खडतर स्वरूप पाहता इतर लाभ आणि नोकरीच्या अटी अनुकूल असाव्यात. पुरेसं शिक्षण असावं, आणि कामावर रुजू होण्याआधी प्रशिक्षण मिळावं. शिक्षण आणि सेवेचे लाभ एकापाठोपाठ एक आलेत, ते उगाच नाही. आणि हे सगळं कैद्यांसाठीच्या नियमांत लिहिलंय, कर्मचाऱ्यांच्या नव्हे.

आपल्याकडे १९५१-५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ डॉ. रेकलेस येऊन पाहणी करून गेले. मग नमुना नियमावली झाली. १९८० मध्ये न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांची समिती बसली. हे मुल्ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि उर्दूतले शायर. १९८३ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की आय.ए.एस., आय.पी.एस. सारखी तुरुंगांसाठीही एक अखिल भारतीय सेवा काढा, म्हणजे या कामात जन्म घालवणारी शिकलेली माणसं तयार होतील. ती सेवा काही निघाली नाही. राज्यांच्या तुरुंग खात्यांच्या प्रमुखपदी सहसा पोलीस सेवेतले अधिकारी येतात, दोन-तीन वर्षं राहतात आणि जातात. त्यात मनापासून काम करणारे असतातच. पण खातं समजायला लागेपर्यंत बदलीची ऑर्डर येते.

आता पेन्शनकडे. १८७१ च्या पेन्शन कायद्यात एक तरतूद मला आवडली. पेन्शनरच्या कर्जापायी सावकार कोर्टातून त्याच्या पेन्शनवर जप्ती आणू शकत नाही. पण त्याच कायद्याने असंही सांगितलं की पेन्शनबद्दलचा दावा दिवाणी कोर्टाने सहसा ऐकायचा नाही. म्हणजे पेन्शन सावकारापासून सुरक्षित, सरकारपासून मात्र नाही. पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी, वागणूक बरी असेल तर मिळेल, हा त्यामागचा भाव. हा भाव पुसायला सर्वोच्च न्यायालयाला यावं लागलं. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात न्यायालयाने सांगितलं की पेन्शन हा हक्क आहे. आणि १७ डिसेंबर १९८२ ला नकारा खटल्यात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं की पेन्शन ही भीक नाही, मर्जीवरचं बक्षीस नाही, तर उमेदीच्या काळात केलेल्या कामाची ती परतफेड आहे. सेवानिवृत्तांच्या संघटना आजही १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

आप्पा १९९६ मध्ये निवृत्त झाले ते या निकालाच्या छायेत. तेहतीस वर्षं भरली होती, म्हणजे नियमाप्रमाणे पूर्ण पेन्शन. पण सेवा पुस्तकातल्या साठच्या दशकातल्या दोन वर्षांच्या नोंदी जुळेनात. बदली एका जागेहून दुसरीकडे झाली होती आणि मधली पानं कुणी प्रमाणित केली नव्हती. दीड वर्ष आप्पा तात्पुरत्या पेन्शनवर होते. क्वार्टर सोडावी लागली होती, धाकटीचं लग्न ठरलं होतं. दर सोमवारी स्वच्छ शर्ट घालून, छत्री घेऊन ते एका कार्यालयात जायचे, बाकावर बसायचे आणि परत यायचे. मी एकदा सोबत गेलो होतो. तिथल्या कारकुनाने वर न बघता विचारलं, ‘तेव्हा तुम्ही हजर होतात याला पुरावा काय?’ ज्या माणसाने छत्तीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी घेतली त्याला स्वतःच्या हजेरीचा पुरावा देता येईना. शेवटी एका जुन्या पगारपत्रकात नाव सापडलं आणि काम झालं.

त्याच काळात एका दुपारी, बाकावर बसल्या बसल्या, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. तुरुंगातली त्यांनी आपणहून सांगितलेली ती एकमेव गोष्ट.

१९७६ साल. आणीबाणी. त्यांच्या तुरुंगात मिसाखाली स्थानबद्ध केलेली बरीच मंडळी होती. त्यात एक शाळामास्तर होते. आप्पांशी ते अदबीने बोलायचे, ‘हवालदारसाहेब’ म्हणायचे, तेव्हा आप्पा साधे शिपाई होते तरी. एका रविवारी आप्पा आणि काकू भाजी घ्यायला गेले असताना एक बाई समोर आली. मास्तरांची बायको. म्हणाली, ‘मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. पत्र टाकलंय पण ते तपासून कधी पोचेल कोण जाणे. एवढाच निरोप द्या, पोरगी मॅट्रिक पास झाली. फर्स्ट क्लास.’

आप्पा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस ते त्या बराकीसमोर उभे होते. मास्तर समोरून जायचे, नमस्कार करायचे. आप्पांच्या तोंडापर्यंत यायचं आणि परत जायचं. त्या दिवसांत कुणी कुणाची चुगली करेल याचा नेम नव्हता. निरोप पोचवला एवढ्यावरून निलंबन होऊ शकत होतं. सोळा वर्षं नोकरी झाली होती, पेन्शन डोळ्यासमोर होतं. नवव्या दिवशी पत्र ऑफिसातून मास्तरांच्या हाती पडलं. मास्तरांनी सगळ्या बराकीला सांगितलं, आणि पहाऱ्यावरच्या आप्पांनाही मोठ्या आनंदाने सांगितलं. आप्पा म्हणाले, ‘मी म्हटलं, अभिनंदन. जणू मला नवीनच कळत होतं.’

मग त्या कार्यालयातल्या फायलींच्या ढिगाकडे बघत म्हणाले, ‘ज्याच्यासाठी गप्प बसलो, ते हे.’

मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केलाय. पगाराने आणि पेन्शनने पहारेकऱ्याला कैद्याच्या खिशापासून सोडवलं, हे खरंच. हॉवर्डचं काम इथे पूर्ण झालं. आप्पांनी आयुष्यात कैद्याकडून बिडीसुद्धा घेतली नाही. पण त्याच पेन्शनने त्यांना इतकं घाबरवून सोडलं की मुलगी पास झाल्याची बातमी बापाला सांगणं त्यांना गुन्हा वाटला. दोष पेन्शनचा आहे का? मला नाही वाटत. उणीव शिक्षणाची होती. कुठला नियम कशासाठी आहे, कुठे तो वाकतो, कुठे वरिष्ठांना विचारून मार्ग काढता येतो, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना एकच नियम माहीत होता, घेऊ नको आणि देऊ नको. न शिकवलेल्या माणसाला सगळेच नियम सारखेच मोठे वाटतात.

आता गंमत बघा. आप्पांचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, त्याच खात्यात लागला. २०१८ साली. शिपायासाठी बारावी पुरते, हा बी.कॉम. उंची, छाती, सोळाशे मीटर धावणं हे तर आहेच, शिवाय लेखी परीक्षा. भरतीसाठी दोन वर्षं अकॅडमीत घालवली. नंतर काही महिने प्रशिक्षण, त्यात कायदा, मानवी हक्क, कैद्यांच्या मानसिकतेवर तासही. आजोबांपेक्षा नातू या कामासाठी कितीतरी जास्त तयार होऊन आत गेला.

पण आजोबांना होतं ते पेन्शन त्याला नव्हतं. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद केली. पगारातून दहा टक्के कापून घ्यायचे, सरकारने आपला वाटा घालायचा, ते बाजारात गुंतवायचे, आणि शेवटी जे हाती येईल ते आपलं. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संपावर होते. पुतण्या त्या आठवड्यात रोज टॉवरवर ड्यूटीला होता. तुरुंगाच्या पहाऱ्यावरच्या माणसाने संपावर जायचं म्हणजे काय, हे त्याला शिकवावं लागलं नाही. पुढे २०२४ मध्ये हमीच्या पेन्शनचे निर्णय झाले, पर्याय आले. तो अजून फॉर्म आणि आकडे घेऊन हिशेब करत बसतो आणि मी बँकेतून निवृत्त झालो म्हणून मला विचारतो. मलाही सगळंच कळतं असं नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये १९८७ पूर्वी लागलेल्या तुरुंग अधिकाऱ्यांना पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होता यायचं. २०१३ च्या कायद्याने पोलीस, अग्निशमन आणि सैन्य यांच्यासाठी साठ वर्षांची सोय ठेवली, तुरुंग अधिकाऱ्यांना मात्र सर्वसाधारण सरकारी पेन्शनच्या वयाला बांधून टाकलं. ते वय अडुसष्टापर्यंत जायचं आहे. अडुसष्टाव्या वर्षी पंचविशीतल्या दांडग्या कैद्यांची मारामारी कशी सोडवायची, हा तिथल्या संघटनेचा प्रश्न आहे. हॉवर्डच्या देशातसुद्धा पहारेकऱ्याची आठवण शेवटीच येते.

आणि आठवण आली नाही की माणसं येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची २०२२ ची आकडेवारी पाहिली तर देशभरातल्या तुरुंगांत मंजूर पदांपैकी साधारण तीस टक्के रिकामी होती. तुरुंग मात्र क्षमतेपेक्षा जास्त भरलेले, आणि त्यातले दर चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला अजून चालू असलेले. पुतण्या म्हणतो, ‘काका, सुधारसेवा हे आमच्या खात्याच्या नावात आहे. पण एकट्याने दोन बराकी बघायच्या म्हटलं की मोजणी जुळली तरी देव पावला.’ १८९४ च्या कायद्याच्या जागी राज्यांनी घ्यावा म्हणून केंद्राने २०२३ मध्ये नवा नमुना कायदा तयार केला. भाषा बदलली आहे. पण पहारेकऱ्यांची संख्या, त्यांचं शिक्षण आणि त्यांचं म्हातारपण यांवर खर्च झाला नाही, तर नव्या कायद्याचा अर्थही तोच निघेल, घेऊ नको आणि देऊ नको.

परवा बँकेतून आल्यावर पुतण्या घरी आला होता. त्याला मी मास्तरांची ती गोष्ट सांगितली. त्याने ती ऐकली नव्हती. विचारलं, ‘तू काय केलं असतंस?’

त्याने फार विचार केला नाही. म्हणाला, ‘जेलरसाहेबांना सांगितलं असतं, की अशी अशी बाई भेटली, असा असा निरोप आहे. देऊ का? ते हो म्हणाले असते. नाही म्हणाले असते तर वहीत तशी नोंद केली असती. घाबरायचं काय त्यात?’

बरोबर होतं त्याचं. इतकं सोपं होतं ते. मी गप्प बसलो.

काकू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारात थांबून ऐकत होती. म्हणाली, ‘मी सांगितलं होतं त्यांना, भाजी घेऊन परत येतानाच. सांगा त्या मास्तरांना, म्हटलं. तर म्हणाले, तुला काय कळतंय, पेन्शन गेलं तर खाशील काय?’

मग तिने पिशवीतून ती पी.पी.ओ. काढली, पदराने कव्हर पुसलं आणि कपाटात ठेवून किल्ली फिरवली. आणि कुलूप ओढून बघितलं. तीनदा.